तीव्र शब्दांत

दुपारच्या बातम्या वाचता वाचता मी ‘निषेध’ या शब्दाच्या अलीकडे थांबलो. कागद समोर होता, दिवा लाल होता, घशात काही अडकलं नव्हतं. वाक्यही अगदी रोजचं. कुठल्याशा संघटनेने कुठल्याशा घटनेचा तीव्र शब्दांत, आणि पुढे काही येईना. शब्द दिसत होता. रोज दोनदा-तीनदा तोंडातून जाणारा, साबणाच्या वडीसारखा झिजून गुळगुळीत झालेला. मी त्याच्याकडे बघत राहिलो. काचेपलीकडे बसणाऱ्या तंत्रज्ञाने, त्याला आम्ही सगळे काचवाला म्हणतो, आधी मान वर केली, मग भुवया वर केल्या, मग तर्जनी हवेत गोल फिरवली. आमच्या धंद्यात याचा अर्थ एकच: चालू ठेव. मी ‘निषेध केला आहे’ म्हणालो आणि हवामानाकडे वळलो. हवामानाचं एक बरं असतं, त्यात कुणी कुणाला काही म्हणत नाही.

बाहेर आल्यावर काचवाला म्हणाला, “काय हो, डुलकी लागली की काय?”

“कागद चिकटले होते.”

“शेवटचाच तर कागद होता. चिकटला कुणाला?” तो हसला आणि डबा उघडून बसला. “असू द्या. दुपारच्या बातम्या ऐकतं कोण? जेवून सगळे आडवे झालेले असतात.”

ऐकतं कोण ते मला माहीत होतं. बाई ऐकतात. त्यांना या रेडिओ केंद्रात सगळे नुसतं बाईच म्हणतात, आणि म्हटलं की कुठल्या बाई असं कुणी विचारत नाही. निवृत्त होऊन त्यांना एक जमाना झाला, पण आठवड्यातून एकदा नव्या वाचणाऱ्यांचे उच्चार घासायला त्या येतात, फुकट, स्वतःचा कप पिशवीत घालून. केंद्राच्या कपातला चहा घेतला तर उपकार होतात म्हणे. कुणाचे कुणावर, ते त्या सांगत नाहीत. घरात दुसरं माणूस नाही. सकाळपासून झोपेपर्यंत रेडिओ चालू, आणि आमच्यापैकी कोण कुठे घसरला याची उजळणी पुढच्या भेटीत ठरलेली. वाचताना पडलेल्या शांततेला त्यांचा शब्द खड्डा. “चूक झाली तर ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही. पण खड्डा पडला की त्याचा पाय मुरगळतो. काय वाट्टेल ते कर, खड्डा पाडू नकोस,” हे त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. आणि दुसरं: मागे जायचं नाही. चुकलं ते चुकलं, पुढचं वाक्य नीट. या दोन गोष्टींवर मी माझी सगळी नोकरी काढली. नोकरीच कशाला, संसारही त्याच्यावरच चाललाय असं बायको म्हणते.

आणि आज संध्याकाळी त्याच बाईंच्या निषेधाचा ठराव कर्मचारी संघाच्या सभेत मांडला जाणार होता, आणि तो वाचायचा होता मी.

झालं होतं ते एवढंच. महिन्यापूर्वी एका वाचनालयाने बाईंना बोलावलं होतं. हौशी मंडळी, पुढच्या दोन रांगा भरलेल्या. कुणीतरी विचारलं, तुम्ही वाचलेली सगळ्यात अवघड बातमी कुठली? अशा वेळी कुणा मोठ्या माणसाच्या मृत्यूची बातमी सांगायची असते, आवाज थोडा खाली आणायचा असतो. बाई म्हणाल्या, “पाणी ओसरत आहे, ही.” मग त्यांनी सांगितलं की मोठ्या पुराच्या वेळी वरून आलेला कागद त्या दिवसभर वाचत होत्या. पाणी ओसरत आहे. खिडकीतून नदी दिसत होती आणि ती ओसरत नव्हती. खालच्या वस्तीतली माणसं ते ऐकून घरातच थांबली. “त्यांनी माझ्या आवाजावर विश्वास ठेवला,” बाई म्हणाल्या, “पाण्याच्या आवाजावर ठेवायला हवा होता.” वर्तमानपत्राने ते चौकटीत छापलं. मग काय, केंद्रात आग्यामोहोळ उठलं. आमची अब्रू चव्हाट्यावर मांडली, खाल्ल्या घरचे वासे मोजले, असं जो तो म्हणू लागला. त्यातल्या निम्म्यांचा पुराच्या वेळी जन्मही झालेला नव्हता. आता लोक फोन करून विचारतात, आजची खरी बातमी आहे का पुरातली? याचा राग येणं मी समजू शकतो. मलाही एकदा राग आला होता, पण माझा राग रस्ता ओलांडेपर्यंत टिकत नाही.

संघाचे चिटणीस मला जिन्यात गाठून म्हणाले होते, “ठराव तुम्हीच वाचायचा.”

“मी कशाला? तुम्ही लिहिलाय, तुम्ही वाचा.”

“मी वाचला तर भांडण वाटेल हो. तुम्ही वाचलंत की ते कसं, झाल्यासारखं वाटतं.”

“बाईंनी मला शिकवलंय.”

“म्हणूनच तर! परक्याने वाचलं तर त्यांना वाईट नाही का वाटणार?” माणूस वाईट नाही. हे त्याने अगदी मनापासून म्हटलं. “आणि निषेध म्हणजे शेवटी काय, एक कागद. आपण काय त्यांना सुळावर देतोय?”

“आणि खालचं दुसरं वाक्य?”

“ते ओघाने आलंय,” चिटणीस म्हणाले.

दुसरं वाक्य असं होतं: सदर व्यक्तीस यापुढे केंद्राच्या आवारात प्रवेशास मज्जाव करण्यात यावा. सदर व्यक्तीला जायला जगात दुसरी जागा नव्हती. तिला एक कप आहे, एक पिशवी आहे, एक रेडिओ आहे आणि आठवड्यातला हा एक दिवस आहे. हे चिटणिसांना सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि म्हणालो, “बघतो.”

त्या रात्री घरी बायकोला सांगितलं तर ती भाजी चिरता चिरता थांबली. “नाही म्हणालात ना?”

“म्हणालो की.”

“काय म्हणालात? शब्द सांगा.”

“बघतो म्हणालो.”

“झालं. तुमचं ‘बघतो’ म्हणजे होकार, हे शेंबडं पोरदेखील सांगेल,” ती म्हणाली, आणि पुढची भाजी तिने जरा जोरातच चिरली.

आज बातम्यांनंतर दुपारभर मी निवेदकांच्या खोलीत बसून होतो. खोलीला एक खिडकी आहे, ती उघडत नाही. भिंतींवर बारीक भोकांच्या फळ्या आहेत, त्या आवाज पितात. इथे टाळी वाजवली तर ती तळहातातच मरते. याच खोलीत बाईंनी मला तो शब्द वाचायला शिकवला होता. मी नवा होतो, आवाजाची मस्ती होती. कागदावर निषेध आला की मी छाती भरून घेऊन तो असा काही वाचायचो, की माझंच कुणीतरी घर जाळलंय. बाईंनी हात वर करून थांबवलं. “राग कुणाचा आहे हा? तुझा? तुझं काय घोडं मारलं त्यांनी? राग त्यांचा. शब्द त्यांचा. तुझा फक्त श्वास. ‘तीव्र’वर जोर द्यायचा नाही, तो शब्द बिचारा मुळातच ओरडत असतो. श्वास त्याच्या आधी घे. आणि ‘निषेध’ सपाट. टेबलावर पेला ठेवतात तसा ठेव. पेला ठेवणाऱ्याला तहान नसते.” मग चहा ओतता ओतता त्या हसल्या होत्या. “धिक्कार करायचा तर माणसाला निदान उठून उभं राहावं लागतं, मूठ वळावी लागते. निषेध बसल्या बसल्या करता येतो. म्हणून तर दिवसाला एवढे होतात.” आणि अर्धा कप संपल्यावर, माझ्याकडे न बघता, “निषेध झाल्यावर पुढे काय होतं, हे कधी वाचलंयस का रे? ज्याचा झाला तो घरी जाऊन काय करतो? त्याची बातमी येत नाही कधी.” मी हो-हो केलं. विशीतल्या माणसाला म्हाताऱ्या प्रश्नांची घाई नसते. बाई तेव्हा म्हाताऱ्याही नव्हत्या. आज माझं जे वय आहे त्याहून लहान होत्या.

पण खरं म्हणजे हा धंदा मी त्यांच्याही आधी शिकलो होतो. आमच्या घरी ओरडाआरडा नसे, आमच्या घरी अबोला असे. आईचा आणि वडिलांचा अबोला सुरू झाला की मला काम लागायचं. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “त्यांना सांग, वाढलंय.” ते तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेले. त्यांनी ऐकलेलं असायचं. तरी मी तोंड त्यांच्याकडे वळवून म्हणायचो, वाढलंय. ते म्हणायचे, “तिला सांग, भूक नाही.” मी तोंड वळवून, भूक नाही. मी सांगेपर्यंत ते झालेलं नसायचं. मी सांगितलं की झालं. आवाजात काही मिसळायचं नाही हेही मला कुणी न शिकवता कळलं होतं, कारण आईच्या रागाचा कणभर जरी वडिलांपर्यंत नेला तरी फटका मलाच बसायचा. आणि एकदा मावशी आली होती. आईची सख्खी धाकटी बहीण. त्या दोघींचं कशावरून फाटलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. आईने खिडकीतून तिला कोपऱ्यावर पाहिलं आणि मला खाली पिटाळलं. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा राहिलो, म्हणजे माझी आणि मावशीची उंची सारखी झाली, आणि म्हणालो, “आई म्हणते, तू वर येऊ नकोस.” मावशीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “अजून काही म्हणाली?” “नाही. एवढंच.” “बरं,” मावशी म्हणाली, आणि माझ्या गालाला हात लावला. “नीट सांगितलंस हो, राजा.” मग ती वळून गेली. मला त्या शाबासकीचा आनंद झाला होता. वर जाऊन मी आईला तेही सांगितलं, की मावशी म्हणाली नीट सांगितलंस. आई खिडकीतच उभी होती आणि तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. एवढ्या वर्षांत पंचवीस वेळा तरी तो जिना माझ्या स्वप्नात आलाय, आणि दर वेळी मी ते वाक्य बिनचूक म्हणतो.

चार वाजता मला राहवेना म्हणून मी बाईंना फोन लावला. निदान त्यांनी समोर तरी असू नये, एवढीच माझी इच्छा होती. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यांनी उचलला. “अडखळलास दुपारी,” त्या म्हणाल्या. “वाचायच्या आधी कोमट पाणी पितोस ना? गार पीत जाऊ नकोस, या वयात.”

“बाई, आज संध्याकाळी...”

“हो, चिटणिसांनी कळवलंय. स्वतः फोन केला होता. सभ्य माणूस.”

“तुम्ही येऊ नका.”

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. अजून ठराव व्हायचा होता, सभा भरायची होती, आणि त्यांना पहिला मज्जाव मीच करून मोकळा झालो होतो. जिन्यातल्या त्याच आवाजात. फोनच्या त्या टोकाला त्यांचा रेडिओ पुटपुटत होता.

“का रे? वाचणार कोण आहे?”

खड्डा लांबत गेला. तो त्यांना सहन होणार नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी म्हणालो, “मी.”

“मग येतेच की,” बाई म्हणाल्या. “चिटणिसांनी वाचलं असतं तर कान किटले असते.”

सभा मोठ्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत होती. पूर्वी तिथे वाद्यवृंद बसत असे; आता खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या असतात. त्या मांडताना होणारी खडखडदेखील त्या भिंती पिऊन टाकत होत्या. लोक येत होते, एकमेकांना बघून उगीच घड्याळाकडे बघत होते. बाई आल्या तेव्हा दाराजवळचे चारपाच जण सवयीने उठून उभे राहिले आणि मग आपण का उठलो असं वाटून तसेच भिंतीपाशी सरकले. बाई पहिल्या रांगेत बसल्या. पिशवी मांडीवर. पिशवीतून कपाचा कान वर आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली, परीक्षेआधी हलवायच्या तशी, आणि मला काय वाटलं ते सांगायला लाज वाटते. मला धीर आला.

मी ठरवून आलो होतो की वाईट वाचायचं. शब्द गिळायचे, खोकायचं, वाक्यं अर्धवट सोडायची, म्हणजे तो ठराव एखाद्या फाटक्या पतंगासारखा तिथल्या तिथे गोता खाईल. मला काही दुसरं करता येत नाही. मी भाषण करणारा नाही, मूठ वळणारा नाही. पण वाईट वाचणं तर माझ्या हातातलं होतं. कागद हातात आला. मी पहिला शब्द उच्चारला आणि कळलं की तेही हातातलं नाही. पाठ आपोआप सरळ झाली. कागदाचा आवाज होऊ नये म्हणून बोटांनी तो कडेने धरला. आवाज पोटातून उठला आणि स्वच्छ, गोल, काही न मिसळलेला बाहेर पडू लागला. जी बोटं, जी जीभ बाईंनी इतकी वर्षं घासूनपुसून तयार केली ती आता माझं ऐकायला तयार नव्हती. लोक बोलायचे थांबले. मागे कुणीतरी खुर्चीवर नीट बसलं. चिटणीस म्हणाले होते ते खरं होतं. मी वाचत गेलो तसतसं ते सगळं होऊन गेल्यासारखं वाटू लागलं. “... यांनी केलेल्या बेजबाबदार वक्तव्याचा ही सभा,” मी श्वास घेतला, बरोबर जागी घेतला, “तीव्र शब्दांत,” आणि थांबलो.

शब्द समोर होता. दुपारचाच. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला वाटलं, हा मी म्हटलाच नाही तर? मी सांगेपर्यंत ते झालेलं नसतं. मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि खुर्चीवर जाऊन बसलो, तर या एवढ्या माणसांपैकी कुणाला तो म्हणता येईल? ओरडता येईल सगळ्यांना. ठेवता कुणालाच येणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला खड्ड्याची भीती वाटली नाही. तो वाढावा असं वाटलं. चिटणिसांनी डोळे मोठे केले. काचवाला, इथे काच नसताना, भिंतीला टेकून उभा होता, त्याने मान खाली घातली. त्या खोलीत शांतता नुसती शांतता नसते, ती कानात बोट घालून बसते. अजून थोडं, मी मनात म्हणत होतो, अजून थोडं टिकलं की सुटलो, बाई सुटल्या. आणि मी बाईंकडे पाहिलं.

त्यांचा चेहरा कळवळला होता. ठरावासाठी नव्हे. ठराव त्या मघापासून शांतपणे, डोळे मिटून ऐकत होत्या. आता डोळे उघडे होते आणि खांदे आखडले होते, कुणीतरी पाटीवर नख ओढल्यासारखे. त्यांचा उजवा हात पिशवीवरून उचलला गेला. त्यांनी तो उचलला असं मी म्हणणार नाही, तो उचलला गेला. आणि तर्जनी हवेत गोल फिरली.

चालू ठेव.

“निषेध करत आहे,” मी म्हणालो. सपाट. टेबलावर पेला ठेवावा तसा. मग दुसरं वाक्य आलं, प्रवेशास मज्जाव करण्यात यावा, तेही मी न अडखळता वाचलं. कागद संपला. आणि कागद संपला की जे इतकी वर्षं येत आलंय तेच, माझ्या मनात काही नसताना, तोंडातून बाहेर पडलं.

“बातम्या संपल्या.”

क्षणभर कुणाला कळेना, आणि मग खोली फुटली. हसू त्या भिंतींनाही पिता येईना. मघापासून आवळून बसलेली माणसं सैल झाली, एकमेकांच्या खांद्यांवर आपटू लागली. बाईही हसत होत्या, डोळ्यांना पदर लावून. चिटणिसांनी संधी साधली. “चला, तर मग मंजूर असेल त्यांनी हात वर करा!” आणि हात वर झाले. जे जमिनीकडे बघत बसणार होते त्यांचेही झाले. हसणाऱ्या माणसाचा हात हलका असतो. काचवाल्याचा झाला. माझे दोन्ही हात कागदावर होते आणि मी ते तसेच घट्ट धरून ठेवले. एवढं तरी, मी मनाला सांगत होतो, एवढं तरी. चिटणिसांनी पेन फिरवत हात मोजले आणि शेवटी पेन माझ्याकडे रोखलं.

“आणि हे. वाचणाऱ्याचा हात धरलेलाच असतो. एकमताने मंजूर.”

मी तोंड उघडलं. माझा धरू नका, एवढंच म्हणायचं होतं. तीनच शब्द. पण मागे जायचं नाही असं ज्यांनी शिकवलं त्या समोर बसून पिशवी आवरत होत्या, आणि पुढे वाचायला हातात कागद नव्हता. खुर्च्या सरकू लागल्या. मी तसाच उभा राहिलो.

बाई दारापाशी माझ्यासाठी थांबल्या होत्या. बाकीचे त्यांना वळसा घालून जात होते, काही जण नमस्कार करून.

“दुपारी तिथेच थांबलास. आताही तिथेच,” त्या म्हणाल्या. “का रे? शब्द तर सोपा आहे.”

“बाई, मला तो म्हणायचा नव्हता.” मी पन्नाशीचा माणूस, त्या दारात रडणार होतो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांनी पाडलेला तो एकच खड्डा मी आयुष्यात पाहिला.

“मला वाटलं, ओळ हरवली तुझी,” त्या म्हणाल्या. मग माझ्या बाहीवरचा धागा काढून टाकला. “असू दे. झालं ते झालं. बाकी नीट वाचलंस हो.”

दाराबाहेरच्या जिन्याच्या पायरीवर मी थांबलो. त्या खाली उतरल्या.

“सातच्या बातम्या तूच ना?” वळून न बघता त्यांनी विचारलं.

“हो.”

“कोमट पाणी पी,” म्हणाल्या. फाटकापर्यंत त्या दिसत होत्या, मग नाही.

सात वाजता मी स्टुडिओत बसलो. एव्हाना त्या घरी पोचल्या असतील, कप विसळून पालथा घातला असेल आणि रेडिओ लावला असेल. काचवाल्याने माझ्याकडे न बघता बोट दाखवलं. दिवा लाल झाला. दुसऱ्याच बातमीत तो शब्द होता, तीव्रच्या पुढे, नेहमीच्या जागी. या वेळी खड्डा पडला नाही.